चष्म्याच्या घरात ठेवलेलं लॉक

दादाच्या कॉम्प्युटरमधलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं. व्हायरस आला नव्हता. लाइट जाऊन-येऊन काही जळलं नव्हतं. मशीन म्हातारं होऊन आपोआपही बंद पडलं नव्हतं. ही तिन्ही कारणं मी त्या महिन्यात वेगवेगळ्या माणसांना सांगितली. खरं एवढंच, की एका रविवारी दुपारी, खाली कुणी नसताना, मी दादाच्या खुर्चीत बसलो आणि ते माझ्या हातानं काढलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कोल्हापुरात त्याचं एका खोलीचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, तालमीच्या मंडळाची हँडबिलं आणि रक्षाविसर्जनाची पत्रकं, असलं काम. आमच्याकडं माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन असतं, त्यामुळं ते पत्रक तासाभरात लागतं. घरचा माणूस दारात उभा राहून नावं सांगायचा आणि दादा मान वर न करता टाइप करत जायचा. एकदा कळफलकावर हात ठेवला की तो कुणाशी बोलत नसे. बाकी वेळ मात्र अखंड बोलायचा, मोठ्यानं बोलायचा. गल्लीच्या तोंडाशी आलो की मला कळायचं, दादा दुकानात आहे.

त्याच दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. दुकान बंद केलं. मशीन घरी आणून खालच्या पुढच्या खोलीत खिडकीशी मांडलं. आमचं घर दोघांचं मिळून आहे. खाली दादा आणि वहिनी, वर मी, माझी बायको आणि मुलगी. दादाला मूल नाही.

मग दादा टाइप करून बोलायला लागला. वहिनी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. तो टाइप करायचा, त्या वाचायच्या आणि तोंडानं उत्तर द्यायच्या. बोलताना 'हाय', 'न्हाय' म्हणणारा माणूस टाइप करताना मात्र 'आहे', 'नाही' लिहायचा, पूर्णविरामासकट. आयुष्यभराची हाताची सवय. वहिनी चेष्टा करायच्या, "लग्नपत्रिकेगत बोलताय की!" आणि काम सेव्ह केल्याशिवाय उठायचं नाही ही दुसरी सवय. त्यामुळं त्या वर्ष-दीड वर्षातलं त्याचं सगळं बोलणं, एका दिवसाची एक फाइल, असं मशीनमध्ये साठत गेलं. फक्त त्याचं बोलणं. वहिनींचं त्यात काही नव्हतं. एखादी फाइल उघडली तर असं दिसायचं:

चालेल.
नाही, बिनसाखरेचाच दे.
तोंड वाकडे केलेले नाही. तोंडच असे आहे.

दादा गेला. महिनाभर मशीनवर चादर होती. मग एक दिवस वहिनींनी चादर काढली. त्यांना कॉम्प्युटरमधलं बाकी काही येत नव्हतं, पण सुरू करणं, तारखेची फाइल उघडणं आणि बंद करणं एवढं दादानं शिकवून ठेवलं होतं. रोज दुपारी तीनच्या सुमाराला, भांडी आवरली की त्या तिथं बसायच्या आणि एक फाइल वाचायच्या. दादाची ओळ मनात वाचायच्या. स्वतःची ओळ मोठ्यानं म्हणायच्या.

मी एका हायस्कुलात कारकून आहे. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की जिन्यातून खालचा आवाज वर यायचा.

"दूध नासलंय. कोरा च्या चालंल का?"

मग थांबणं. दोन-तीन सेकंद.

"मग साखर घालू का न्हाय?"

परत थांबणं.

"तर मग तोंड का वाकडं केलंसा?"

आणि मग हसणं. कुणीतरी काहीतरी बोलल्यावर येतं तसं, अगदी वेळेवर आलेलं हसणं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं. पुढं पुढं मात्र मला त्या थांबण्याची भीती वाटायला लागली. वहिनींचं बोलणं नव्हे, मधली ती शांतता. ती कधी लांब असायची, कधी आखूड, आणि समोरचा माणूस जेवढं बोलला असेल तेवढीच असायची. मी नकळत कान लावून बसायचो. एका शनिवारी मी जिना उतरत होतो. चार-पाच पायऱ्या राहिल्या होत्या. आतून वहिनींचा आवाज आला.

"भावजी वरच हाईत. हाक मारू व्हय?"

माझा पाय पायरीवर तसाच राहिला. 'ओ' म्हणायला तोंड उघडलं होतं, तेही तसंच. आत शांतता. एवढी लांब शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती.

"बरं. ऱ्हाऊ दे मग," वहिनी म्हणाल्या.

मी पाय न वाजवता वर परत गेलो. दादा असताना कुठल्यातरी दुपारी त्यानं माझी चौकशी केली होती, वहिनींनी हाक मारू का विचारलं होतं आणि तो नको म्हणाला होता, एवढंच. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी अंगावर आलेला काटा जाईना.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? पलीकडची बाई परवा मलाच विचारत हुती, तुमच्यात खाली कोण पावणं आल्यात म्हणून. ताईंचं हे बरं लक्षण न्हाय. तुम्हीच बघा कायतरी. कॉम्प्युटरचा कोर्स केलाय न्हवं तुम्ही?"

कोर्स मी केला होता, नोकरीत लागतो म्हणून. तेवढ्यावर घरात मी कॉम्प्युटरमधला जाणकार. मी स्वतःशी म्हटलं, मशीन जुनं झालंय, सुरू व्हायला दहा मिनिटं घेतं, जरा साफसफाई करू. बायकोलाही तेच सांगितलं. पण साफसफाईच करायची असती तर मी वहिनींना विचारून, त्यांच्यासमोर केली असती. फाइलींना हात लावायचा मला धीर नव्हता. दादाचं बोलणं पुसणारा मी कोण? म्हणून मी ठरवलं, की फाइली राहू देत, ज्यानं त्या उघडतात ते तेवढं काढायचं. चार-आठ दिवस वहिनींना वाचता येणार नाही. सवय मोडेल. मग बघू, परत घालता येईल.

हे मी ठरवून केलं. हा माझ्या लिहिण्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून आधीच लिहून टाकतो.

वहिनींचं माहेर राधानगरीकडं. तिथं गावची म्हाई होती, म्हणजे सगळ्या गावाचं, पैपाहुण्यांचं जेवण. दादा गेल्यापासून त्या कुठं गेल्या नव्हत्या. भाऊ स्वतः येऊन घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी मी खाली उतरलो.

सॉफ्टवेअर काढायला सुरुवात केली तसं मशीन मला विचारायला लागलं. इंग्रजीतून विचारत होतं, पण अर्थ साधा होता. ही फाइल आणखी कुणाला लागत असेल, तरी काढायची का? मी हो म्हटलं. ही पण? हो. त्यानं पाच-सहा वेळा विचारलं. मग सगळ्याला एकदम हो म्हणायचं बटण होतं, ते मी दाबलं. त्या सॉफ्टवेअरचं एक लॉक असतं. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, तो मशीनच्या मागं लावलेला असल्याशिवाय ते चालत नाही. टायपिंगवाले त्याला नुसतं लॉकच म्हणतात. तेही मी उपसून काढलं.

मशीन बंद होऊन सुरू व्हायला लागलं आणि मध्येच अडकलं. निळा पडदा आला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी. परत बंद केलं, परत सुरू केलं. परत निळा पडदा, मग काळा. सॉफ्टवेअर काढताना मी आणखी काय काढलं होतं ते मला कळत नव्हतं. दिवेलागणीपर्यंत मी बंद-चालू करत राहिलो. हातात ते लॉक होतं. परत लावायला मशीन चालू नव्हतं, आणि टाकून द्यायचा धीर नव्हता. मी ते माझ्या चष्म्याच्या घरात ठेवलं, काच पुसायच्या फडक्यात गुंडाळून.

वहिनी सोमवारी आल्या. येताना आमच्यासाठी म्हाईच्या रश्श्याचा मोठा डबा आणला होता. तीनला खालून हाक आली.

"भावजी, मशीन उघडंना झालंय."

मी खाली गेलो. नवीन काही बघतोय असा चेहरा करून बटण दाबलं. निळा पडदा आला.

"व्हायरस आला असणार, वहिनी."

"म्हंजे काय?"

"म्हणजे रोग. मशीनला होतो तसा."

वहिनी पडद्याकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यालाबी?"

त्या रात्री मी त्यांच्या डब्यातला रस्सा खाल्ला. चांगला झाला होता.

आठवडाभर खालून काहीच आवाज नव्हता. बायको म्हणाली, बघा, सुटली की सवय. मलाही तसंच वाटलं. पुढच्या सुट्टीला दुपारी मी आडवा झालो होतो आणि जिन्यातून आवाज आला.

"दूध नासलंय. कोरा च्या चालंल का?"

थांबणं.

"मग साखर घालू का न्हाय?"

मी खाली जाऊन दारातून पाहिलं. वहिनी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, अंग पुढं वाकवून. समोर काळा पडदा. त्यात खिडकीचा चौकोन दिसत होता आणि त्यांचा चेहरा. त्या पडद्याकडं बघून थांबत होत्या, तेवढ्याच थांबत होत्या, आणि पुढची ओळ म्हणत होत्या. जे मोडायला मी निघालो होतो ते तसंच चालू होतं, फक्त आता तिथं वाचायला काहीच नव्हतं.

त्यानंतर त्यांना आठवेनासं व्हायला लागलं. एकदा त्या जिन्याच्या तळाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, मी म्हणलं, छत्री घिऊन जावा. त्यावर हे काय म्हणालते?"

मी कठडा धरून खाली वाकलो.

"तुम्हाला कसं ठाव असंल," त्या स्वतःच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग असं वरचेवर व्हायला लागलं. बोलणं मध्येच तुटायचं. त्या तीच ओळ दोनदा, तीनदा म्हणायच्या, पुढची सापडावी म्हणून. रोज थोडं थोडं दादाचं बोलणं त्यांच्या हातून निसटत होतं, आणि ते परत मिळण्याची एकच जागा मी बंद करून ठेवली होती.

मी मशीनचा डबा राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो. नव्यासारखं हुतंय."

"आतल्या फायली?"

"फॉरमॅट म्हणजे सगळंच पुसणार की, साहेब."

"पुसू नका. नुसतं बघून ठेवा," म्हटलं आणि घरी आलो.

त्याच दुपारी खालून कळफलकाचा आवाज आला.

खटखट. थांबून परत खटखट. दादा असताना हा आवाज दिवसभर घरात असायचा, पावसासारखा सलग. हा सावकाश होता. एक कळ, मग बऱ्याच वेळानं दुसरी. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते. मशीन तर दुकानात होतं. मी जिना उतरलो तो भिंतीला हात धरून उतरलो.

टेबलावर डबा होता त्या जागी धुळीचा चौकोन होता. पडद्याची वायर खाली लोंबत होती. वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर नव्हत्या. त्या दादाच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी कळा दाबत होत्या. कळफलक कशालाच जोडलेला नव्हता. त्यांना टायपिंग येत नाही.

"काय करताय वहिनी?"

"ह्यांचा वाटा मीच वाजवतीया," त्या मान न वळवता म्हणाल्या. "आवाज आला की थोडं थोडं आठवतंय." आणखी दोन कळा दाबल्या. "आज न्हाय आठवत."

मला तिथं उभं राहवेना. आणि तरी, खरं सांगायचं तर, तेव्हाही मी बोललो नाही. चष्म्याचं घर माझ्या खिशातच होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, दुकानातून डबा उचलला आणि तो स्कूटरवर पुढं पायांत घेऊन पेठ वडगावला गेलो. दादाच्या दुकानात वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसून टाइप करणारा एक दोस्त तिथं आता स्वतःचं दुकान चालवतो. हे करायचं तर पहिल्याच दिवशी त्याच्याकडं जायला हवं होतं. गेलो नाही, कारण बघताक्षणी त्याला कळणार, हे मला माहीत होतं.

दुकानात दोरीवर पत्रिकांचे नमुने लटकत होते. दादाच्या रक्षाविसर्जनानंतर आमची भेट नव्हती. पण त्यानं लगेच ओळखलं.

"या पावणं. थोरल्याचं मशीन घिऊन धाकटा आलाय म्हंजे मोडूनच आला असणार."

"व्हायरस आला बहुतेक."

"बगूया की. बसा."

त्यानं डब्याला त्याचा पडदा जोडला, एक सीडी घातली आणि बराच वेळ काही ना काही करत बसला. मग पडद्यावर तारखांची छोटी यादी आली.

"ह्याला मागं न्यायला लागतंय. जवा चांगलं हुतं त्या दिवसावर. कुठल्या दिवसावर नेऊ, सांगा."

मी वाकून पाहिलं. चार-पाच तारखा होत्या. सगळ्या दादा असतानाच्या. त्यानंतरच्या वर्षात मशीननं एकही दिवस लक्षात ठेवलेला नव्हता.

"शेवटचा घ्या," मी म्हटलं.

मशीन बंद झालं, सुरू झालं. आणि त्या दिवशी दादानं जसं ठेवलं असेल तसं सगळं समोर आलं. पत्रिकेवरच्या गणपतीचं चित्र, उजवीकडं ओळीनं तारखांच्या फाइली. मी श्वास सोडला. त्यानं एक फाइल उघडली.

आत कंस होते. टक्क्याची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं, उलटे स्वल्पविराम. ओळीमागून ओळी. लांब ओळ, आखूड ओळ, परत लांब. दादाच्या बोलण्याची लय तशीच होती आणि एक शब्द कळत नव्हता. त्यानं दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडं तेच. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना दादा असाच ओठ हलवत होता. बरंच काहीतरी सांगत होता आणि आम्ही कॉटभोवती उभे राहून एकमेकांकडं बघत होतो.

"घाबरू नगासा," तो म्हणाला. "बोलणं जितल्या तितं हाय. अक्षरं गेल्यात. ह्या जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं त्याची स्वतःची. त्ये काढलं की अक्षरं संगट घिऊन जातंय आणि मागं हे असलं ऱ्हातंय. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी सांगत्यात, त्याला हात लावायचा न्हाय. काढलं कुणी?"

मी पत्रिकांकडं बघत होतो.

"सीडी हाय माझ्याकडं," तो पुढं म्हणाला, "पण लॉक लागंल की. मागं लावलेलं दिसंना. घरी बघून या, कुटं पडलंय का."

मी खिशातून चष्म्याचं घर काढलं. उघडलं. फडक्यातून लॉक काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

त्यानं लॉककडं पाहिलं, मग त्या घराकडं, मग माझ्याकडं.

"व्हायरसनं चष्म्याच्या घरात ठिवलं व्हय हे?"

मग मी सगळं सांगितलं. जिन्यातली ती शांतता, म्हाई, बटणं, रस्सा, सगळं. तो ऐकता ऐकता खणातली सीडी शोधत होता. शेवटी म्हणाला, "घरात सांगिटलंय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

आणि तो कामाला लागला. सॉफ्टवेअर घातलं, लॉक मागं लावलं, मशीन परत सुरू केलं. मघाचीच फाइल उघडली. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्या कंसांच्या, टक्क्यांच्या जागी वरच्या ओळीपासून खाली मराठी अक्षरं बसत गेली. 'छत्री नको. भिजलो तर भिजलो.' मी ती ओळ वाचली, मग परत वाचली. हे वहिनींनी मला विचारलं होतं.

एवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर जागा झाला.

आम्ही दोघांनी एकदम तिकडं पाहिलं. कुणी कशाला हात लावला नव्हता. मशीनला बाकीच्या वायरी जोडताना त्यानं प्रिंटरची वायरही सवयीनं जोडली होती, एवढंच. प्रिंटर घरघरला, आत रोलर फिरायला लागले.

"हा तुमच्या भावाचाच," तो हळूच म्हणाला. "त्येनंच बोलावून दिला मला. जायच्या चार-पाच दिवस आधी. मशीननं वळखला बगा. आतमदी तवाचं काय अडकून ऱ्हायलं असंल, ते काढतंय."

समजावून सांगत होता, पण तोही खुर्चीतून उठून मागं सरकला होता. कागद सावकाश बाहेर आला. मी घेतला तेव्हा गरम होता. त्यावर मोठी, ठसठशीत अक्षरं होती, लग्नपत्रिकेवर वधू-वरांच्या नावाला घालतात तेवढी.

चष्मा विसरलास ना. म्हणून मोठ्या अक्षरात काढतो.
हिचे डोळे तपासून आण. वाचताना फार पुढे वाकते. मी सांगितले तर म्हणते अक्षरे बारीक आहेत. अक्षरे बारीक नाहीत. मी रोज थोडी थोडी मोठी करतो आहे. तिला कळलेले नाही.
जातोस का?
बरे. उद्या ये.

ती दुपार मला आठवली. वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी दहा मिनिटं खाली आलो होतो, दाराच्या चौकटीला टेकून, हातात फोन. दादा भराभर टाइप करत होता आणि पडद्याकडं बोट दाखवत होता. मला तेवढ्या लांबून वाचता येईना. जवळ जायचा कंटाळा केला, एवढंच. त्यानं कोपऱ्याकडं हात केला. मला वाटलं, जा म्हणतोय. तो प्रिंटरकडं हात करत होता. प्रिंटर त्यानं त्याच सकाळी दोस्ताला देऊन टाकला होता, तरी सवयीनं मशीनला कागद छापायला सांगितलं होतं. कोपरा रिकामा होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मग त्याला दवाखान्यात नेलं.

"चष्मा वर राहिलाय, दादा. उद्या वाचतो," मी म्हणालो.

मोठ्यानं म्हणालो. त्या दुपारी म्हणालो होतो तेच, त्याच जागी. कागदावरच्या शेवटच्या दोन ओळींच्या मध्ये माझी ही ओळ बसत होती. दादाच्या दोस्तानं माझ्याकडं पाहिलं आणि तो पत्रिकांचा गठ्ठा नीट करायला लागला. वहिनी वेड्या नव्हत्या हे मला तिथं उभ्यानं कळलं. तसलं अर्धं बोलणं समोर आलं की आपलं अर्धं आपोआप तोंडात येतं.

घरी येऊन मशीन जागेवर मांडलं तेव्हा तीन वाजत आले होते. वहिनी दारात उभ्या राहून वायरी लावताना बघत होत्या. गणपतीचं चित्र आलं तशा त्या पुढं आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि पडद्याकडं वाकल्या. खूपच वाकल्या. त्यांचं कपाळ पडद्यापासून वीतभरावर होतं. मी हे वर्षभर दारातून पाहत आलो होतो.

"उघडू का?" त्यांनी विचारलं.

"थांबा वहिनी. आधी मला एक काम आहे."

मी दादाच्या खुर्चीत बसलो. नवीन फाइल उघडली. तोंडानं सांगायची मला हिंमत नव्हती. मला वाटलं, टाइप करावं, त्यांनी वाचावं आणि मी मान खाली घालून बसावं. पण त्या कळफलकावर कुठलं अक्षर कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. एकेक कळ दाबून बघत होतो, चुकलेलं पुसत होतो. 'वहिनी मी' एवढं उमटायला किती वेळ गेला कोण जाणे. वहिनी शेजारून बघत होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी माझा हात धरून कळफलकावरून बाजूला केला.

"भावजी, ह्यास्नी आवाज न्हवता म्हणून हे टाइप करत हुते. तुम्हाला तोंड हाय न्हवं? मग बोला की."

मी त्यांच्याकडं वळलो. चष्म्याचं रिकामं घर त्यांच्या पुढ्यात ठेवलं, त्यावर दादाचा तो कागद ठेवला.

"वहिनी, व्हायरस नव्हता. मी काढलं होतं. तुम्ही म्हाईला गेला होता तेव्हा. मशीन जुनं झालं म्हणून नव्हे, तुम्हाला वाचता येऊ नये म्हणून काढलं. तुमचं बोलणं ऐकून मला भ्या वाटत होतं, आणि ते मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही त्या बंद पडद्यासमोर बसत होता, आठवत नाही म्हणून मला विचारत होता, तेव्हा लॉक माझ्या खिशात होतं. दादा बोलावत होता तेव्हा मी जवळ गेलो नाही, आणि तो गेल्यावर त्याचं बोलणंही तुमच्यापासून तोडलं. माझं चुकलं, वहिनी. लई चुकलं. मला माफ करा."